तारेनें पाठविलेलीं फुलें

तारेंतून शब्द जातो, वस्तु जात नाहीं. शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असलेली ही गोष्ट खरी असतांना, विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोप-अमेरिकेंतील चांगलीं शहाणींसुरतीं माणसें फुलांच्या दुकानांत जाऊन ‘तारेनें फुलें पाठवा’ असें सांगूं लागलीं. आणि हजार मैलांवरच्या एकाद्या घराच्या दाराशीं त्याच दिवशीं खरोखरीचीं, टवटवीत, देठाला पाणी असलेलीं फुलें येऊन दाखल होऊं लागलीं. यांत जादू मुळींच नव्हती. जें फूल पाठविलें असें गिऱ्हाइकाला वाटे, तें त्याच्या गांवांतून हाललेंहि नसे. आणि जें पोंचलें, तें पोंचणाऱ्याच्याच गांवच्या कांचगृहांत सकाळीं खुडलेलें असे. मधल्या हजार मैलांतून गेली होती ती केवळ एक ओळ, आणि त्या ओळीमागें उभी असलेली दोन अनोळखी दुकानदारांची एकमेकांवरची पत. या पतीचा इतिहास फुलांच्या इतिहासाहून अधिक मनोरंजक आहे.

फुलें दूर पाठविण्याची हौस कांहीं नवी नव्हे. आगगाडी आली तेव्हांपासून फुलें तिच्यांतून जाऊं लागलीं. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस समुद्रांत असलेल्या सिली बेटांवर हिवाळा सौम्य असतो, आणि तेथें नर्गिसाच्या जातीचीं फुलें लंडनच्या कितीतरी आधीं फुलतात. सुमारें १८७० च्या सुमारास तेथल्या एका गृहस्थानें टोपी ठेवण्याच्या डब्यांत कांहीं फुलें घालून तीं लंडनच्या कव्हेंट गार्डन बाजाराकडे रवाना केलीं, आणि पैसे परत आले ते पाहून सारें बेट फुलांच्या लागवडीस लागलें, अशी कथा सांगतात. कथेंतला डबा खरा असो वा नसो, लागवड खरी आहे. परंतु नर्गिसाची गोष्ट वेगळी. तें फूल कळींत असतांना खुडलें तरी वाटेंत उमलतें आणि चार दिवस तग धरतें. गुलाबाला इतका दम नाहीं. ओल्या शेवाळांत गुंडाळून, मेणकागद लावून, पेटींत बर्फ घालून पाठविलेला गुलाबहि दोन दिवसांच्या प्रवासानंतर मान टाकीत असे. फुलांची पेटी उघडणाऱ्याच्या हातीं पडत असे तो पाठविणाऱ्याच्या प्रेमाचा अवशेष!

आणि फुलांचें काम तर बहुधा असें असतें कीं त्याला दोन दिवस थांबतां येत नाहीं. लग्नाची तिथि पुढें ढकलतां येईल, वाढदिवसाला उशीर चालेल. मृत्यूला चालत नाहीं. पाश्चात्य देशांत प्रेतयात्रेच्या वेळीं शवपेटीवर पुष्पचक्र ठेवण्याची चाल आहे. अमेरिकेसारख्या अफाट देशांत मुलगा पश्चिमेस, आईबाप पूर्वेस, अशी घरें शेंकड्यांनीं झालेलीं. मृत्यूची वार्ता तारेनें एका तासांत येई. पण आगगाडी माणसाला तीन-चार दिवसांपूर्वीं पोंचवीत नसे, आणि फुलांनाहि नाहीं. अंत्यसंस्काराला आपण नाहीं, आपलें फूलहि नाहीं, ही टोंचणी ज्या समाजाला नित्याची झाली होती त्या समाजांतच या धंद्याचा जन्म व्हावा हें स्वाभाविक होतें.

फुलांना त्या काळीं त्या देशांत मोल तरी केवढें आलें होतें! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॉस्टनमधील थॉमस लॉसन या धनिकानें, आपल्या पत्नीचें नांव दिलेल्या एका नव्या कार्नेशनच्या जातीचा हक्क तीस हजार डॉलर देऊन घेतल्याचें प्रसिद्ध आहे. वाफेच्या नळांनीं तापविलेलीं कांचगृहें बॉस्टन, डेट्रॉइट, शिकागो, डेनव्हर अशा सर्व मोठ्या शहरांभोवतीं उभीं होतीं, आणि भर हिवाळ्यांत, बाहेर बर्फ पडत असतां, आंत गुलाब व कार्नेशन फुलत होतीं. म्हणजे ज्या गांवीं फुलें पाठवावयाचीं त्या गांवीं फुलें होतींच. तेथपर्यंत तारहि होती. राहिलें होतें तें एवढेंच कीं, या गांवच्या फुलाऱ्यानें त्या गांवच्या फुलाऱ्याला सांगावें, आणि त्यानें तें ऐकावें.

हें ‘एवढेंच’ मात्र फार अवघड होतें. कांहीं फुलारी आपल्या ओळखीच्या परगांवच्या दुकानदारास पत्र किंवा तार करून अशीं कामें करून घेत असत. पण तो सारा ओळखीदेखीचा मामला. ओळख नसेल तेथें काय होई? मागणी घेणाऱ्यानें गिऱ्हाइकाकडून पैसे रोख घेतले, दुसऱ्या गांवच्या दुकानदारानें फुलें पोंचविलीं, आणि मग त्याच्या बिलाला महिनेमहिने उत्तर नाहीं, असा एक प्रकार. दुसरा प्रकार याच्या उलट: पैसे पोंचले, पण घरीं गेलीं तीं काल विकली न गेलेलीं, पाकळ्या गळणारीं फुलें. या दुसऱ्या लबाडीला तर पकडणारा कोणी नव्हता. विचार करून पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, जगांतल्या बहुतेक खरेदींत पैसे देणारा आणि माल पाहणारा हा एकच माणूस असतो. म्हणून विकणारा दबून असतो. येथें ज्यानें पैसे दिले त्यानें फुलें कधींच पाहिलीं नाहींत. आणि ज्यानें फुलें पाहिलीं त्यानें पैसे दिलेले नाहींत. शिवाय भेट म्हणून आलेलीं फुलें कोमेजलेलीं होतीं असें भेट देणाऱ्याला लिहून कळविण्याइतका आडदांड माणूस विरळा. तो आभाराचें पत्रच लिहिणार! फसवणुकीला इतकें सुरक्षित रान दुसरीकडे क्वचितच सांपडेल. अशा रानांत प्रामाणिकपणाची वाट घालून देणें, हाच या धंद्यापुढचा खरा प्रश्न होता.

त्याला पहिलें संघटित उत्तर मिळालें तें बर्लिन शहरीं. मॅक्स ह्यूब्नर नांवाच्या तेथील फुलाऱ्यानें १९०८ सालीं परगांवच्या फुलाऱ्यांस एकत्र करून, एकमेकांच्या गिऱ्हाइकांचीं फुलें पोंचविण्याचा संघ स्थापन केला. जर्मनांच्या स्वभावाला शोभेल असें त्या संघाला लांबलचक नांव होतें. पुढें १९२७ सालीं, युरोपचीं फुलें या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून, ‘फ्लेरोप’ हें सुटसुटीत नांव रूढ झालें. जर्मनीनंतर शेजारच्या देशांतील दुकानदारहि त्यांत आले.

अमेरिकेंत दोनच वर्षांनीं तीच गोष्ट घडली. तेथें पुष्पव्यावसायिकांची एक संस्था १८८४ पासून होती व तिचीं वार्षिक संमेलनें भरत. १९१० च्या ऑगस्टांत न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर या गांवीं भरलेल्या संमेलनांत पंधरा दुकानदारांनीं एकत्र बसून तारेनें एकमेकांच्या मागण्या पुऱ्या करण्याचा करार केला. त्यांत पुढाकार होता डेनव्हरच्या जॉन व्हॅलेंटाईन या गृहस्थांचा. व्हॅलेंटाईन हें फुलांच्या व्यापाऱ्याला इतकें साजेसें आडनांव आहे कीं तें कोणी मुद्दाम घेतलें असावें अशी शंका यावी. पण तें त्यांचें खरें आडनांव होतें. मंडळाच्या आरंभींच्या अध्यक्षांत डेट्रॉइटचे फिलिप ब्राइटमायर हे होते. १९०९ व १९१० सालीं ते त्या शहराचे नगराध्यक्षहि होते. ज्या देशांत फुलारी नगराध्यक्ष होतो, त्या देशांत फुलाऱ्याच्या शब्दाला वजन असणारच. संघाचें नांव ठेवलें ‘फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी’. पुढें जगभर तें एफ.टी.डी. या तीन अक्षरांनींच ओळखलें गेलें.

या व्यवस्थेचें यंत्र कसें चाले तें थोडें पाहिलें पाहिजे. कारण तिची सारी हुशारी तपशिलांत आहे. समजा, डेनव्हरच्या एका माणसाला बॉस्टनमधील आपल्या बहिणीच्या घरीं फुलें पाठवावयाचीं आहेत. तो आपल्या गल्लींतल्या नेहमींच्या दुकानांत जाई, फुलांचा प्रकार सांगे, किंमत भरी, आणि सोबतच्या चिठ्ठीवरचा मजकूर सांगे. दुकानदार सदस्यांच्या यादींत बॉस्टनचें नांव पाही व तार करी. अमेरिकन तारेला दहा शब्दांपर्यंत ठराविक आकार पडे. म्हणून पत्ता, रक्कम, फूल आणि निरोप हें सारें थोडक्या शब्दांत बसविण्याची कला या लोकांना साधावी लागली. विशिष्ट फूल त्या दिवशीं त्या गांवीं मिळेलच असें नाहीं. तेव्हां मागणीचा पाया फूल हा नसून किंमत हा असे. अमुक डॉलरांचीं, मोसमांतील उत्तम फुलें, असा करार. बॉस्टनचा दुकानदार फुलें निवडी, निरोप स्वतःच्या हातानें कार्डावर लिही, आणि पोऱ्याबरोबर घरीं पाठवी. भावाचा निरोप, त्याला कधीं न पाहिलेल्या माणसाच्या अक्षरांत, बहिणीच्या हातीं पडे. याचें कोणाला वाईट वाटल्याचें दिसत नाहीं. मनुष्याचें मन अशा बाबतींत मोठें उदार असतें. अक्षर कोणाचें याहून आठवण कोणाची हें तें आधीं पाहतें.

पैशांचा हिशेब असा रूढ झाला कीं, मागणी घेणाऱ्यानें शेंकडा वीस आपल्याकडे ठेवावे व उरलेले फुलें पोंचविणाऱ्यास द्यावे. पुढें मध्यवर्ती कचेरीचा वांटा निराळा निघाला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पाठविणाऱ्यास वीस, पोंचविणाऱ्यास त्र्याहत्तर व संघास सात, ही वांटणी नेहमींची झाली. हिशेब एकमेकांशीं नव्हे तर मध्यवर्ती कचेरीशीं करावयाचा असल्यामुळें बुडव्या देणेकऱ्याची भीति गेली. आणि लबाडीवर उपाय? तो साधा होता. निकृष्ट फुलें दिल्याची तक्रार शाबीत झाली तर सदस्यत्व जाण्याची पाळी येई, आणि सदस्यत्व गेलें कीं साऱ्या देशांतून येणाऱ्या मागण्या एका दिवसांत बंद. आज या गांवचा फुलारी पोंचविणारा असला तरी उद्यां तोच पाठविणारा असणार होता. आपलें गिऱ्हाईक उद्यां ज्याच्या हवालीं करावयाचें, त्याच्या गिऱ्हाइकाला आज फसविणें कोणाला परवडतें? धर्मोपदेशानें जें साधलें नसतें तें या देवाणघेवाणीनें बव्हंशीं साधलें.

१९१४ सालीं संघानें आपलें चिन्ह म्हणून रोमन लोकांचा देवदूत मर्क्युरी निवडला. टोपीला व पायांना पंख असलेला, हातांत फुलें घेऊन धांवणारा हा तरुण दुकानांच्या कांचांवर झळकूं लागला. निवड चांगली होती. मात्र प्राचीन लोकांनीं याच देवाकडे निरोप्यांबरोबर व्यापाऱ्यांचें आणि चोरांचेंहि पालकत्व सोंपविलें होतें, ही गोष्ट चिन्ह निवडणाऱ्यांनीं बहुधा फारशी बोलून दाखविली नसावी.

येथें महाराष्ट्रांतील वाचकाला सहजच एक गोष्ट आठवेल. रोज पहांटे दाराच्या कडीला अडकविलेली फुलपुडी ही पुण्या-मुंबईच्या घरांना नवी नाहीं. पानांत बांधलेलीं चार फुलें, दूर्वा, तुळस, बेल. ना मागणी, ना पावती, महिन्याअखेर हिशेब. त्याच्याहि आधीं गांवगाड्यांत गुरवानें घरोघर बेल व पत्रावळी पुरवाव्या आणि सुगीच्या वेळीं त्याला बलुतें मिळावें, अशी रीत होती. फुलें घरीं पोंचविणें ही कांहीं पाश्चात्यांनीं जगाला दिलेली देणगी नव्हे. परंतु फरक आहे तो असा कीं, फुलपुडी देणारा आणि घेणारा एकमेकांस पिढ्यान्‌पिढ्या ओळखत, आणि फूल जावयाचें तें देवाकडे. देव तक्रार करीत नाहीं हें खरें. पण घरांतली म्हातारी करते! अनोळखी माणसानें अनोळखी माणसासाठीं तिसऱ्या अनोळखी माणसाला फुलें द्यावीं, आणि तीं ताजीं असावीं, ही अडचण आपल्या जुन्या व्यवस्थेपुढें कधीं उभीच राहिली नव्हती.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेच्या फुलाऱ्यांपुढें निराळें संकट आलें. देश लढत असतां आणि कोळसा टंचाईचा असतां फुलांवर पैसे व जळण खर्च करणें हा चंगळवाद आहे, असें बोललें जाऊं लागलें. या सुमारास, १९१७ सालीं, बॉस्टनचे फुलारी हेन्री पेन आणि जाहिरातींचा धंदा करणारे पॅट्रिक ओकीफ यांच्या बोलण्यांतून एक वाक्य निघालें: जें सांगावयाचें तें फुलांनीं सांगा. इंग्रजींत तें चारच शब्दांचें आहे, आणि त्या चार शब्दांनीं जें काम केलें तें मोठमोठ्या निबंधांनीं झालें नसतें. फूल ही चैनीची वस्तु नसून ती भाषा आहे, असा त्याचा ध्वनि. आणि भाषेवर बंदी घालावी असें कोण म्हणेल? पाठोपाठ १९१८ ची इन्फ्लुएंझाची भयंकर सांथ आली. त्या महिन्यांत अमेरिकेच्या शहरांतून प्रेतयात्रांसाठीं फुलें पुरीं पडेनात. जीं फुलें चैनीचीं म्हणून हिणविलीं गेलीं होतीं, तींच मिळविण्यासाठीं लोक दुकानाच्या दाराशीं उभे होते.

या यशाला एक दुःखाची किनार आहे. ती ॲना जार्व्हिस या बाईची. या बाईची आई १९०५ च्या मे महिन्यांत वारली. आईच्या स्मरणार्थ, व सर्वच मातांच्या सन्मानार्थ, वर्षांतला एक दिवस राखून ठेवावा हा ध्यास तिनें घेतला. आणि १० मे १९०८ रोजीं पश्चिम व्हर्जिनियांतील ग्राफ्टन गांवच्या देवळांत पहिला मातृदिन साजरा झाला. ती स्वतः त्या दिवशीं फिलाडेल्फियांत होती. ग्राफ्टनला तिनें पाठविलीं तीं आईच्या आवडीचीं पांचशें पांढरीं कार्नेशन. १९१४ सालीं अध्यक्ष विल्सन यांनीं मे महिन्याचा दुसरा रविवार हा राष्ट्रीय मातृदिन म्हणून जाहीर केला. आरंभीं फुलाऱ्यांनीं या चळवळीस पाठबळ दिलें, आणि बाईनेंहि तें घेतलें. पण मातृदिन जसा वाढला तसा पांढऱ्या कार्नेशनचा भावहि वाढला. पांढरीं फुलें पुरेनात तेव्हां व्यापाऱ्यांनीं युक्ति काढली: आई वारली असेल त्यानें पांढरें फूल लावावें, हयात असेल त्यानें लाल. मालाची टंचाई अशी रूढींत रूपांतरित झाली! तारेनें फुलें पाठविणाऱ्या दुकानांना तर मातृदिनाइतका मोठा दिवस वर्षांत दुसरा क्वचितच उरला. दूर गेलेल्या मुलानें घरीं येऊं नये, पत्रहि लिहूं नये, दुकानांत दोन डॉलर ठेवावे कीं कर्तव्य झालें, हें पाहून ॲना जार्व्हिस संतापली. आपण स्थापिलेल्या दिवसाविरुद्धच तिनें युद्ध पुकारलें. सभांतून गोंधळ, वकिलांच्या नोटिसा, वर्तमानपत्रांतून हल्ले. १९२५ सालीं सैनिकांच्या मातांच्या एका सभेंत कार्नेशन विकण्यास विरोध करतांना शांतताभंगाच्या आरोपाखालीं तिला अटकहि झाली. १९३४ सालीं सरकारनें मातृदिनाचें टपालाचें तिकीट काढलें. त्यावर चित्रकार व्हिस्लर यानें रंगविलेली आपल्या आईची प्रसिद्ध आकृति होती; पण मूळ चित्रांत नसलेली फुलांची एक कुंडी तिकिटाच्या कोपऱ्यांत कोणी तरी आणून ठेवली होती. ती कुंडी पाहून बाईला काय वाटलें असेल हें सांगणें नको. तिनें त्याविरुद्धहि आवाज उठविला. सारें द्रव्य आणि आयुष्य या झगड्यांत खर्च करून १९४८ सालीं एका आरोग्यधामांत ती वारली. तिचा राग अतिरेकी होता असें म्हणतां येईल. पण निराधार होता असें म्हणतां येणार नाहीं. फुलांनीं सांगा हें वाक्य जितकें गोड, तितकेंच तें न बोलण्याची सोय करून देणारें आहे, हें तिनें इतरांच्या आधीं ओळखलें होतें.

इकडे अटलांटिकच्या अलीकडे धंदा पसरत होता. ग्लासगोचे जो डॉब्सन आणि सॅफ्रन वॉल्डन येथें कार्नेशनची मोठी लागवड करणारे कार्ल एंगलमान या दोघांनीं १९२० सालीं अमेरिकन संघाचें परदेशस्थ सदस्यत्व मागितलें, व १९२३ पर्यंत संघाची ब्रिटिश शाखा उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानें या शाखेची फार परवड केली. अन्न पिकविण्यासाठीं फुलांच्या जमिनी नांगरल्या गेल्या. आणि १९४२-४३ च्या हिवाळ्यांत तर आगगाडीनें फुलें नेण्यावरच बंदी आली. कॉर्नवॉल आणि सिलीचे शेतकरी हातांतल्या पेट्यांत कपड्यांऐवजीं फुलें भरून लंडनची गाडी पकडूं लागले. एरवीं दारू किंवा रेशीम ज्या चोरवाटेनें जातें त्या वाटेनें नर्गिसाचीं फुलें जाऊं लागलीं! प्रकरण पंतप्रधान चर्चिल यांच्यापर्यंत गेलें आणि १९४३ च्या वसंतांत बंदी उठली. बाँबवर्षावानें उद्ध्वस्त झालेल्या शहरांतल्या लोकांना भाकरीबरोबर फूलहि हवें होतें, याचा हा सरकारी पुरावा म्हणावा लागेल.

युद्ध संपल्यावर लौकरच, १९४६ सालीं, अमेरिकन संघ, ब्रिटिश शाखा आणि युरोपांतील फ्लेरोप या तिघांनीं मिळून ‘इंटरफ्लोरा’ ही जागतिक संस्था स्थापन केली. त्या काळीं युरोपांतल्या देशांच्या चलनांवर कडक निर्बंध होते. एका देशाचा पैसा दुसऱ्या देशांत सहज जात नसे. मग फुलाऱ्यांनीं आपल्यापुरतें एक नाणेंच काढलें. त्याचें नांव फ्लेरिन. तें कधीं पाडलें गेलें नाहीं व कोणाच्या खिशांत वाजलें नाहीं. तें केवळ वहींतलें नाणें होतें, आणि त्याची किंमत स्विस फ्रँकशीं बांधलेली होती. देशोदेशींच्या फुलाऱ्यांचें परस्परांचें देणें-घेणें त्यांत मांडलें जाई व फेडाफेड होऊन उरलेली शिल्लकच काय ती प्रत्यक्ष द्यावी लागे. मुत्सद्द्यांच्या परिषदा ज्या प्रश्नापाशीं अडखळत होत्या, तो फुलें विकणाऱ्यांनीं आपल्यापुरता मुकाट्यानें सोडविला.

पण पत वाढली म्हणजे सत्ता येते, आणि सत्तेबरोबर तिचे दोषहि. अमेरिकन संघाला १९३४ पासून टेलिफ्लोरा या नांवानें पुढें प्रसिद्ध झालेला एक प्रतिस्पर्धी निर्माण झाला होता. सदस्यांनीं दुसऱ्या कोणत्याहि संघांत जाऊं नये अशी आडकाठी एफ.टी.डी.नें घातली, तेव्हां अमेरिकन सरकारनें मक्तेदारीविरोधी कायद्याखालीं तिच्यावर खटला केला, आणि १९५६ च्या हुकुमान्वयें ती आडकाठी काढावी लागली. पंधरा दुकानदारांच्या परस्परविश्वासांतून उगवलेली संस्था आपल्याच सदस्यांवर अविश्वास दाखवीत कोर्टांत उभी राहिली, याला काय म्हणावें! जित्याची खोड अशी कीं, १९९५ सालीं पुन्हां तशाच एका योजनेवरून सरकारला तिच्या मागें लागावें लागलें.

दरम्यान तारेचें महत्त्व ओसरलें होतें. १९६५ सालीं संघानें नांवांतील ‘टेलिग्राफ’ काढून ‘ट्रान्सवर्ल्ड’ घातलें. आद्याक्षर तेंच राहिल्यामुळें पाट्या बदलाव्या लागल्या नाहींत, ही व्यापारी काटकसर. अमेरिकेंतील तारसेवा २००६ सालीं आणि हिंदुस्थानांतील २०१३ सालीं बंद झाली.

याहून मोठा बदल फुलांतच झाला. १९६७ सालीं कोलोरॅडो येथील विद्यापीठांतील डेव्हिड चीव्हर या विद्यार्थ्यानें एका अभ्यासांत दाखवून दिलें कीं, अमेरिकेला फुलें पुरविण्यासाठीं दक्षिण अमेरिकेंतील बोगोटा शहराजवळच्या पठारासारखी जागा नाहीं. समुद्रसपाटीपासून सुमारें २,६०० मीटर उंची, वर्षभर सारखी थंड हवा, विषुववृत्ताजवळचा भरपूर प्रकाश. कांचगृहें तापविण्याची गरजच नाहीं. दोन वर्षांत तेथें लागवड सुरू झाली. १९९१ सालीं अमेरिकेनें त्या देशांच्या मालावरील जकात माफ केली, आणि डेनव्हरच्या आसमंतांतील ज्या कार्नेशनची एके काळीं देशभर ख्याति होती तीं कांचगृहें एकामागून एक ओस पडलीं. योगायोग असा कीं, ज्या कोलोरॅडोंतून जॉन व्हॅलेंटाईन रॉचेस्टरला गेले होते, त्याच कोलोरॅडोंतून हा निबंधहि निघाला. आज अमेरिकेंत विकलीं जाणारीं बहुतेक कापलेलीं फुलें विमानानें परदेशांतून येतात. १९१० सालीं फूल जागच्या जागीं राहून निरोप हजार मैल जात असे. आतां निरोप शेजारच्या गल्लींतून निघाला तरी फूल हजारों मैलांवरून आलेलें असतें. युरोपला हीं फुलें केनियांतून येतात. आणि फेब्रुवारीच्या चौदा तारखेसाठीं पुणें जिल्ह्यांतील तळेगांव दाभाडे व मावळच्या हरितगृहांतले गुलाबहि परदेशीं जातात. ज्या मावळांत भाताखेरीज फारसें पिकत नसे, तेथला शेतकरी जानेवारींत थंडी किती पडते याकडे डोळे लावून बसतो. कारण कळी दोन दिवस लौकर किंवा उशीरा उमलली तर वर्षाचें गणित चुकतें.

दूरध्वनि आणि पुढें संगणक आल्यावर जुन्या व्यवस्थेंतला मर्मभेदी दोष उघडा पडला. वीस टक्के मिळतात ते मागणी घेण्याबद्दल. मग दुकान कशाला हवें? फुलें नाहींत, पाणी नाहीं, पोऱ्या नाहीं. नुसता दूरध्वनि घेऊन बसलें तरी वीस टक्के मिळतात, शिवाय वर सेवाशुल्क लावतां येतें. १९९० नंतरच्या काळांत अशा मध्यस्थांनीं अमेरिकेंतील गांवोगांवच्या दूरध्वनि-पुस्तिकांतून त्या त्या गांवचीं नांवें धारण केलेलीं ‘दुकानें’ छापलीं. गांवच्या नदीचें, गल्लीचें, टेकडीचें नांव. प्रत्यक्षांत फोन उचलणारा परमुलुखांत. शंभर डॉलर देणाऱ्याला वाटे, आपल्या गांवच्या फुलाऱ्याकडे दिले. त्या फुलाऱ्याच्या हातीं मात्र शुल्क व दलाली वजा जातां त्यांतले कितीतरी कमी पडत, आणि तेवढ्यांत त्यानें शंभराचीं फुलें द्यावीं अशी अपेक्षा. फुलें लहान दिसलीं कीं दोष त्याच्याच माथीं. पुढें अमेरिकेंतल्या कित्येक संस्थानांनीं, फुलविक्रेत्यानें आपलें ठिकाण खोटें सांगूं नये, असे कायदेच केले. एके काळीं पाठविणारा आणि पोंचविणारा हे दोघेहि दुकानदार होते. आज पाठविलें, उद्यां पोंचविलें, या उलटापालटींत प्रामाणिकपणा टिकत होता. ज्याला कधींच पोंचवावें लागत नाहीं असा पाठविणारा आंत शिरला, त्या दिवशीं रॉचेस्टरच्या कराराचा कणा मोडला.

दुकानदारांच्या मालकीची सहकारी संस्था म्हणून चाललेली एफ.टी.डी. १९९४ सालीं नफ्यासाठीं चालणारी कंपनी झाली. २००६ मध्यें तिनें ब्रिटनची इंटरफ्लोरा विकत घेतली, आणि २०१४ मध्यें पेट्यांतून थेट घरोघर फुलें पाठविणारा एक मोठा व्यवसाय कोट्यवधि डॉलरांना घेतला. म्हणजे ज्या पेटीला पर्याय म्हणून संघ जन्मास आला, त्याच पेटीकडे तो शंभर वर्षांनीं परतला. तें ओझें पेललें नाहीं. २०१९ च्या जूनमध्यें कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिचे भाग तोडून विकले गेले. ब्रिटिश इंटरफ्लोरा गेली ती ज्या उद्योगसमूहाकडे टेलिफ्लोरा आहे त्याच्याच हातीं. एफ.टी.डी.चें नांव नव्या मालकांकडे चालू राहिलें, आणि पायाला पंख असलेला तो देवदूतहि. ज्या दुकानांच्या कांचेवर तो अजून आहे, तेथें परगांवची मागणी आली म्हणजे दुकानदार पूर्वींप्रमाणेंच फुलें निवडतो, देठ तिरपे कापतो, आणि न पाहिलेल्या माणसाचा निरोप कार्डावर उतरवून न पाहिलेल्या माणसाच्या दारीं पाठवितो.